जबड्याचे गणित मांडणारे शिक्षक : जोव्हानी अल्फोन्सो बोरेल्ली



मधल्या सुट्टीत डबे उघडले की आपल्या विद्यालयाच्या व्हरांड्यात एकच गडबड असते. कोणी पोळी-भाजी खाते, कोणी पोहे, कोणी शेव कुरकुर चावत गप्पा मारते. आज डबा खाताना एक प्रयोग करा. दोन्ही हातांची बोटे कानांच्या पुढे, गालाच्या वरच्या टोकाशी ठेवा आणि तोंड उघडून मिटा. बोटांखाली काहीतरी हलताना जाणवेल. तो तुमच्या जबड्याचा सांधा. आता दात घट्ट मिटा. कानशिलावर आणि गालात स्नायू फुगल्यासारखे हाताला लागतील.

जेवताना, बोलताना, जांभई देताना हा सांधा दिवसभर काम करतो, पण तो दुखेपर्यंत आपल्याला त्याची आठवण होत नाही. आज जगात काही ठिकाणी हा सांधा निकामी झाल्यास कृत्रिम सांधा बसवतात. तो बसवण्याआधी रुग्णाच्या जबड्याची प्रतिकृती संगणकात तयार करून कोणत्या जागी किती जोर येईल याचा हिशेब करता येतो. या हिशेबाचे मूळ साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या एका गणिताच्या शिक्षकापाशी आहे. त्यांचे नाव जोव्हानी अल्फोन्सो बोरेल्ली. शरीराच्या हालचालींच्या यंत्रशास्त्राचे जनक म्हणून जग त्यांना ओळखते. या अंकात त्यांचीच ओळख करून देत आहे.

बोरेल्ली यांचा जन्म जानेवारी १६०८ मध्ये इटलीतील नेपल्स शहरात झाला. त्या वेळी नेपल्सवर स्पेनचे राज्य होते. वडील स्पॅनिश सैन्यात साधे शिपाई होते आणि आई तिथलीच. मुलाने पुढे वडिलांचे आडनाव न लावता आईच्या घराण्याचे नाव लावले आणि त्याच नावाने तो प्रसिद्ध झाला. घरात ना संपत्ती होती ना मोठी ओळख. तरुणपणी ते रोमला गेले आणि तिथे त्यांना बेनेदेत्तो कास्तेल्ली हे गुरू लाभले. कास्तेल्ली हे गॅलिलिओ यांचे शिष्य. म्हणजे बोरेल्ली गॅलिलिओ यांचे जणू नातशिष्यच झाले. पुढे वायुभारमापक बनवणारे टॉरिसेली हेही याच गुरूंपाशी शिकत होते.

निसर्गाचे पुस्तक गणिताच्या भाषेत वाचायचे, ही या गुरुपरंपरेची शिकवण होती. १६३३ मध्ये गॅलिलिओ यांना धर्मन्यायालयाने शिक्षा दिली होती, त्यामुळे अशा विचारांच्या माणसाला जपूनच चालावे लागे. कास्तेल्ली यांच्या शिफारशीने बोरेल्ली यांना सिसिली बेटावरील मेसीना शहरात गणित शिकवण्याची नोकरी मिळाली.

सन १६४७-४८ मध्ये सिसिलीत तापाची भयंकर साथ आली. त्या काळी अशा साथीचे कारण ग्रहताऱ्यांत किंवा हवामानात शोधण्याची रीत होती. बोरेल्ली यांनी पुरावे तपासले आणि १६४९ मध्ये पुस्तक लिहून त्या कारणांना विरोध केला. बाहेरून शरीरात काही घातक द्रव्य शिरते, असे त्यांचे मत होते. जंतूंचे ज्ञान व्हायला अजून दोन शतके लागणार होती. गणिताच्या शिक्षकाने माणसाच्या शरीरात लक्ष घातले, त्याची ही सुरुवात.

१६५६ मध्ये त्यांना पिसा विद्यापीठात गणिताचे प्राध्यापकपद मिळाले. त्यांच्या आयुष्यातील सर्वांत सुखाचा काळ हाच असावा. त्याच वर्षी मार्चेल्लो मालपिगी नावाचे त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान वैद्यकाचे प्राध्यापक तिथे आले. दोघांची मैत्री झाली. बोरेल्ली यांच्या घरी प्राण्यांचे विच्छेदन होई. मालपिगी यांच्याकडून बोरेल्ली शरीररचना शिकले आणि बोरेल्ली यांच्याकडून मालपिगी यांना नव्या विज्ञानाची दृष्टी मिळाली. पुढे मालपिगी यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या फुफ्फुसात केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या पाहिल्या. हा शोध १६६१ मध्ये प्रसिद्ध झाला, तो बोरेल्ली यांना लिहिलेल्या पत्रांच्या रूपाने. मुलांनो, मैत्री असावी तर अशी, दोघांनाही मोठे करणारी.

आपल्यासारख्या, महाराष्ट्राबाहेर राहून मराठी जपणाऱ्या समाजाने लक्षात ठेवावी अशी आणखी एक गोष्ट याच काळातली आहे. प्राचीन ग्रीक गणिती अपोलोनियस यांच्या शंकूच्या छेदांवरील ग्रंथाचे पाचवे, सहावे आणि सातवे भाग मूळ ग्रीकमध्ये नष्ट झाले होते. ते फक्त अरबी भाषांतरात उरले होते. त्याचे एक हस्तलिखित फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याच्या संग्रहात बोरेल्ली यांना आढळले. त्यांना अरबी येत नव्हते. ते हस्तलिखित घेऊन ते १६५८ मध्ये रोमला गेले आणि अब्राहम एक्केलेन्सिस या अरबी जाणणाऱ्या लेबनॉनच्या विद्वानांसोबत बसून त्यांनी त्याचे लॅटिन भाषांतर सिद्ध केले. ते १६६१ मध्ये छापले गेले. एका भाषेत हरवलेले ज्ञान दुसऱ्या भाषेने सांभाळले होते.

आता त्यांच्या मुख्य कामाकडे येऊ. मी स्वतः हिंदी माध्यमातून शिकले. आम्ही वर्गात उत्तोलक आणि आलंब हे शब्द पाठ केले. मराठी शाळेत शिकवू लागले तेव्हा कळले, की इथे त्यांना तरफ आणि टेकू म्हणतात. शब्द वेगळे असले तरी नियम एकच. टेकूपासून जितके लांब बल लावाल तितका कमी जोर लागतो. घरातल्या अडकित्त्याचे उदाहरण घ्या. त्याचा टेकू एका टोकाला, सुपारी टेकूजवळ आणि हात दूरच्या टोकाला. म्हणून थोड्या जोरात सुपारी फुटते.

शरीरातही तरफा आहेत हे अगोदरच्या विद्वानांना माहीत होते. त्यामुळे थोड्या बलाने आपण मोठे वजन उचलतो, असे सामान्यतः समजले जाई. बोरेल्ली यांनी अंतरे मोजून दाखवले, की बहुतेक ठिकाणी परिस्थिती अगदी उलट आहे. स्नायू सांध्याच्या अगदी जवळ जोडलेले असतात आणि वजन मात्र दूर असते. कोपर काटकोनात वाकवून तळहातावर एक किलोचे माप ठेवले, तर वजन कोपरापासून साधारण ३५ सेंटीमीटर लांब असते आणि ते पेलणारा दंडाचा स्नायू जेमतेम ५ सेंटीमीटरवर ओढत असतो. म्हणजे एक किलोसाठी स्नायूला सात किलोइतका जोर लावावा लागतो. निसर्गाने जोराची उधळपट्टी का केली? तर हालचाल वेगाने आणि लांबवर व्हावी म्हणून. स्नायू थोडासा आखडला तरी हात झपकन वर येतो. यातून दुसरीही एक गोष्ट निघते. हातात एक किलो असताना कोपराच्या सांध्यावर सहा किलोइतका दाब येतो. आपले सांधे आपल्याला वाटते त्यापेक्षा कितीतरी जास्त भार सोसतात.

हाच विचार त्यांनी जबड्याला लावला. खालचा जबडा ही एक तरफ आहे. तिचा टेकू कानापुढच्या सांध्यात, घास दातांमध्ये, आणि ओढणारे स्नायू या दोघांच्या मधे. म्हणजे रचना अडकित्त्यासारखी नसून चिमट्यासारखी आहे. स्नायूंची ताकद किती हे पाहण्यासाठी बोरेल्ली यांनी खालच्या दाढांवरून दोरी घेऊन तिला वजने टांगली आणि जबडा मिटताना माणूस किती वजन उचलू शकतो हे मोजले. चावण्याचा जोर मोजण्याचे जे अगदी पहिले प्रयत्न झाले, त्यांत या प्रयोगाची गणना होते. (मुलांनो, हा प्रयोग घरी मुळीच करायचा नाही!)

आठवी-नववीच्या मुलांनी हे गणित वहीत मांडून पाहावे. समजा, सांध्यापासून पुढचे दात १० सेंटीमीटरवर आहेत आणि स्नायूंची ओढ ५ सेंटीमीटरवर आहे. दातांवर १० किलोचा जोर हवा असेल तर स्नायूंना २० किलोने ओढावे लागेल. उरलेले १० किलो कुठे गेले? ते सांध्यावर आले. घास मागे दाढांकडे, समजा ६ सेंटीमीटरवर नेला, तर स्नायूंच्या त्याच ओढीत दाढेवर जवळजवळ १७ किलोचा जोर मिळतो आणि सांध्यावर साडेतीन किलोच्या आसपास दाब उरतो. म्हणूनच कडक चणा आपण न सांगता दाढेखाली ढकलतो. अडकित्त्यात सुपारी मागे सरकवतो, तेही याच नियमाने.

अशा रीतीने त्यांनी माणसाचे उभे राहणे, चालणे, धावणे, पक्ष्यांचे उडणे, माशांचे पोहणे, सगळ्याचे गणित मांडले. माणसाला फळीवर आडवे निजवून आणि फळी धारेवर तोलून त्यांनी शरीराचा गुरुत्वमध्य शोधला. पक्ष्याच्या छातीचे स्नायू त्याच्या वजनाच्या मानाने किती मोठे असतात हे पाहून, माणूस स्वतःच्या हातांना पंख बांधून उडू शकणार नाही, असा निष्कर्षही काढला.

१६६७ मध्ये पिसा सोडून ते मेसीनाला परतले. पिसाला असताना ते फ्लॉरेन्सच्या प्रयोग करणाऱ्या विद्वानांच्या अकादमीचे प्रमुख सभासद होते. ती अकादमीही त्याच सुमारास बंद पडली. १६६९ मध्ये एटना ज्वालामुखीचा मोठा उद्रेक झाला, तेव्हा त्याचा अभ्यास करून त्यांनी पुढच्या वर्षी पुस्तक प्रसिद्ध केले. पण मेसीनात स्पेनच्या सत्तेविरुद्ध असंतोष धुमसत होता. बोरेल्ली यांच्यावर बंडखोरांशी संबंध असल्याचा ठपका आला आणि साठी उलटून गेल्यावर त्यांना घरदार सोडून रोमला पळून जावे लागले.

रोममध्ये त्यांना स्वीडनच्या क्रिस्टिना यांचा आश्रय मिळाला. या राणीने १६५४ मध्ये स्वेच्छेने राजगादी सोडली होती आणि रोममध्ये विद्वानांचा मेळा जमवला होता. पण राणीचीही पैशाची नेहमी ओढाताण असे. बोरेल्ली यांना नियमित मिळकत नव्हती. त्यांच्याजवळ होते ते आयुष्यभराच्या कामाचे हस्तलिखित, प्राण्यांच्या हालचालींविषयीचे, आणि त्याची एकच प्रत. पॅरिसच्या विज्ञान अकादमीकडून काही आधार मिळावा अशी त्यांना आशा होती, पण तिकडे हस्तलिखित पाठवायचे कसे? टपालात हरवले तर सारे संपले, आणि दुसरी प्रत करवून घ्यायला पैसे नव्हते. तो विचार त्यांनी सोडून दिला.

१६७७ मध्ये घरातल्या नोकराने त्यांची सगळी चीजवस्तू लुबाडली. सत्तरीला आलेला हा नामवंत पंडित अक्षरशः निराधार झाला. तेव्हा त्यांना जागा दिली ती एका शाळेने. रोममधील सान पान्तालेओ येथे पिआरिस्ट धर्मगुरूंचा मठ होता. गरिबांच्या मुलांना विनामूल्य शिकवणे हे या पंथाचे व्रत. बोरेल्ली त्यांच्याकडे राहिले आणि आयुष्याची शेवटची दोन वर्षे तिथे गणित शिकवत राहिले. एकेकाळी विद्यापीठात प्राध्यापक असलेल्या माणसाला शाळेत शिकवणे कमीपणाचे वाटले नाही. शाळा चालवणारी एक व्यक्ती म्हणून मला त्यांच्या चरित्रातला हा भाग सर्वांत जवळचा वाटतो.

१६७९ च्या अखेरीस राणी क्रिस्टिना यांनी ग्रंथाच्या छपाईचा खर्च देण्याचे मान्य केले. पण ३१ डिसेंबर १६७९ रोजी बोरेल्ली यांचे निधन झाले. छापलेले पुस्तक त्यांना पाहता आले नाही. मठातील धर्मगुरूंनी ती एकुलती एक प्रत जपली, छपाईवर देखरेख केली आणि ग्रंथाचा पहिला भाग १६८० मध्ये, दुसरा १६८१ मध्ये बाहेर आला. त्यांनी हे काम मनावर घेतले नसते, तर हे सारे ज्ञान एका जुन्या पेटीत वाळवीने खाल्ले असते.

बोरेल्ली यांचे सगळेच बरोबर होते असे नाही. स्नायूत एक प्रकारचा रस येऊन मिसळतो, तो फसफसतो आणि स्नायू फुगतो, ही त्यांची समजूत पुढे चुकीची ठरली. पण तरफेचा हिशेब टिकला. जबड्याच्या बाबतीत तर तो टिकतो की नाही याची परीक्षाच झाली. विसाव्या शतकात काही दंतवैद्यांचे मत होते, की जबडा तरफेसारखा चालत नाही आणि चावताना त्याच्या सांध्यावर भार येत नाही. १९७० च्या दशकात माकडांच्या हाडांवर सूक्ष्म मापके चिकटवून संशोधन झाले, तेव्हा चावताना सांध्यावर खरोखरच भार येतो हे दिसले.

हा वाद केवळ पुस्तकी नव्हता. सांध्यावर किती भार येतो हे नीट न पाहता उपाय केला तर काय होते, याचे दुःखद उदाहरण त्यानंतर घडले. १९६० च्या सुमारास इंग्लंडचे शल्यचिकित्सक जॉन चार्नली यांनी कृत्रिम खुब्याच्या वाटीसाठी टेफ्लॉन वापरून पाहिले होते. आपल्या न चिकटणाऱ्या तव्यावर असते तेच टेफ्लॉन. ते गुळगुळीत असले तरी भाराखाली झिजले, त्याच्या कणांमुळे आजूबाजूच्या पेशींना अपाय झाला, आणि चार्नली यांनी ते सोडून दुसरे मजबूत प्लास्टिक घेतले. इतके होऊनही १९८० च्या दशकात अमेरिकेत जबड्याच्या सांध्यातील खराब झालेल्या चकतीच्या जागी टेफ्लॉनचा थर असलेले इम्प्लांट हजारो रुग्णांना बसवले गेले. ते फाटले, झिजले आणि कित्येकांचे हाड खाल्ले गेले. शेवटी १९९० मध्ये तिथल्या सरकारी यंत्रणेला इशारा द्यावा लागला. खुब्याने शिकवलेला धडा जबड्याच्या वेळी कोणी उघडून पाहिला नाही.

आजची पद्धत यामुळेच सावध आहे. रुग्णाचा सीटी स्कॅन करून जबड्याचे हुबेहूब चित्र संगणकात उभे करतात. हाडाचे हजारो-लाखो बारीक भाग कल्पून प्रत्येक भागावर किती ताण येतो ते संगणक मोजतो. यात एक अडचण आहे, ती गणिताच्या विद्यार्थ्यांना लगेच समजेल. दोन अज्ञात संख्या असतील तर दोन समीकरणे लागतात. जबड्याला स्नायू अनेक आणि सांधे दोन, म्हणजे अज्ञात संख्या जास्त आणि समीकरणे कमी. त्यामुळे शरीर कमीत कमी श्रमात काम करते, असे काहीतरी गृहीत धरावे लागते आणि उत्तर खऱ्या माणसाच्या मोजमापांशी ताडून पाहावे लागते. संगणक गणित झटपट करतो, पण गृहीतक चुकले तर उत्तरही तितक्याच झटपट चुकते.

कृत्रिम सांध्याचा खालचा गोल भाग धातूचा आणि वरची वाटी बहुधा टिकाऊ प्लास्टिकची असते. दोन्ही हाडाला स्क्रूने घट्ट बसवतात. सांध्याचे मूळ डोके काढल्यावर त्याला जोडलेला, जबडा पुढे सरकवणारा स्नायूही सुटतो. मग त्या बाजूने जबडा पूर्वीसारखा पुढे सरकत नाही आणि दुसऱ्या, चांगल्या सांध्यावरचा भार बदलतो. दोन्ही सांधे एकाच हाडाची दोन टोके आहेत ना! अशा गोष्टी शस्त्रक्रियेपूर्वी पडद्यावर तपासता येतात, हा मोठा लाभ आहे. अमेरिकेतील जैवयांत्रिकी संस्था आपला सर्वोच्च पुरस्कार बोरेल्ली यांच्याच नावाने देते.

पालकांना एक विनंती. आपल्या देशात लहान मुलांचा जबडा आखडून तोंड न उघडण्याचे एक मोठे कारण म्हणजे हनुवटीवर पडणे. मार हनुवटीला लागतो, पण हाड कानापुढे सांध्यापाशी मोडू शकते आणि वरून ते दिसत नाही. जखमेला टाके घालून भागत नाही. पडल्यानंतर मुलाला तोंड उघडताना दुखत असेल, तोंड एका बाजूला वळत असेल किंवा दात नीट जुळत नसतील, तर ताबडतोब दंतवैद्यांना दाखवा. वेळेवर इलाज झाला तर पुढची मोठी शस्त्रक्रिया टळू शकते. आणि मुलांनो, मैदानावर असे पडलात तर रागावतील म्हणून लपवू नका. आधी बाईंना किंवा सरांना येऊन सांगा.

एका शिपायाच्या मुलाने तरफेचा नियम घेऊन स्वतःच्या शरीरात पाहिले आणि तिथे आपण समजतो त्यापेक्षा कितीतरी मोठे बल काम करताना त्याला दिसले. त्याचे घर गेले, सामान गेले, पण काम उरले. ते एका शाळेने सांभाळले म्हणून आज कोणाला तरी पुन्हा घास चावता येतो. तुमच्या पाठ्यपुस्तकातला तरफेचा धडा या वेळी जरा जास्त लक्ष देऊन वाचा, एवढीच अपेक्षा.

सर्वांना अभ्यासासाठी आणि उत्तम आरोग्यासाठी शुभेच्छा.

— प्राचार्या